केळीच्या बागेत गेलेली बावडी

१. आधी चपला

शुक्रवारी सकाळी बुऱ्हाणपुरातल्या लालबागची चिंचेची बावडी हरवली.

माणसाचा चष्मा हरवतो, पाकीट हरवतं, फार तर म्हैस हरवते. पण काळ्या दगडाची, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी, आत पारव्यांचं बिऱ्हाड असलेली अख्खी विहीर हरवली असं सुनेनं दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा रजनीबाई कोल्ह्यांनी पहिल्यांदा बघितलं ते तिच्या पायांकडे.

"पूर्णिमा, चपला बाहेर काढ आधी. काय तुडवून आलीस हे?"

"आई, तुम्हाला चपलांचं पडलंय! माझी बावडी केळीच्या बागेत गेली."

रजनीबाईंनी गॅस बंद केला. त्यांची सगळी नोकरी नेपानगरच्या पेपर मिलच्या प्रयोगशाळेत झाली. कागद उजेडासमोर धरायचा आणि त्यातली खोट सांगायची, हे काम. निवृत्तीनंतर बुऱ्हाणपुरात मुलाकडे आल्या, कागद सुटला, पण उजेडासमोर धरायची सवय सुटली नाही. गणपतीपुढचा दराब्याच्या मिठाईचा डबा कुणी रिकामा केला इथपासून ते गल्लीतल्या दोन घरांचा अबोला कशावरून, इथपर्यंतची सगळी प्रकरणं शेवटी त्यांच्याकडेच येत.

पूर्णिमा वास्तुविशारद. लालबागच्या लोकांना हाताशी धरून तिनं वर्षभर खपून एक नकाशा केला होता. जमिनीखालच्या जुन्या पाण्याच्या कुंड्या, बावड्या, घुमट, बागेच्या भिंती, मोठाली झाडं, सगळं मोबाईलवर ठिपक्याठिपक्यानं टिपलेलं. लालबागेत नवी गटारलाइन यायची होती, आणि ती खणताना जुनं काही फुटू नये म्हणून लाइन या नकाशावरूनच आखायची असं ठरलं होतं. उद्या दुपारी शाळेत लोकांची सभा. आज शेवटची पाहणी. गटारीचं काम घेतलेल्या कंपनीचे इंजिनिअर सुनील तायडे हातातल्या टॅबलेटवर एकेक ठिपका बघत जागेवर जात होते.

"ते नेहमीसारखे पडद्यात डोकं घालून पुढे. मी मागे फोनवर. वर बघते तर साहेब भलत्याच गल्लीत शिरलेले. 'अहो, बावडी इकडे नाही,' म्हणेपर्यंत ते सांडपाण्यात धाडकन पडले! तशाच भरल्या पँटनं ठिपक्यापर्यंत गेले. तिथे काय? चुडामणभाऊंची केळी. बावडी आपल्या जागी आहे, जयश्रीताईंच्या घरामागे. नकाशावरचा ठिपका मात्र कुणीतरी उचलून बागेत नेऊन ठेवला."

"मग परत जागेवर ठेव. त्यात काय?"

"ठेवला. पण साहेब म्हणाले, 'ज्या नकाशातली विहीर चालते, त्याच्यावर मी गटार कशी चालवू? कुणी हलवली आणि का, ते उद्याच्या सभेत सांगा. नाही तर मी पट्टी घेऊन सरळ रेघ मारतो.'" पूर्णिमानं दाराच्या चौकटीवर बोटानं रेघ ओढली. "सरळ रेघ मारली ना आई, तर दोन कुंड्या आणि घुमटाचा ओटा गेलाच."

"ठिपके हलवायची मुभा कुणाकुणाला?"

"मी सोडून तिघांना. रामदासकाका, चुडामणभाऊ, जयश्रीताई. आणि चौघांचं खातं एकच. सोपं पडावं म्हणून मीच तसं केलं. बदल मंगळवारी दुपारी झालाय एवढं दिसतं, कुणी केला ते दिसत नाही."

रजनीबाईंनी पिशवी उचलली. "तू ठिपके तपास. एकूण एक. माणसं मी तपासते."

२. चुडामणभाऊंचा घड

चुडामण पाटलांच्या बागेकडे जाणारा गाडरस्ता ट्रकांनी गच्च भरला होता. केळीची कटाई चालू होती. बाया डोक्यावर घड घेऊन रांगेनं येत होत्या. चुडामणभाऊ स्वतः एक घड खांद्यावर घेऊन ट्रकाशी उभे होते. रजनीबाईंनी नमस्कार केला आणि एवढंच सांगितलं, "भाऊ, चिंचेची बावडी तुमच्या बागेत निघाली."

घड खांद्यावरून घसरता घसरता राहिला.

"मंग माही केयी तोडा लागंन का?"

"तोडावी कशाला लागेल?"

"बावडी म्हटली का पब्लिक आलं, बाई! ते मोबाईलवाले पोरं येतीन, नाचतीन, रील काढतीन, जाताना घड मोडून नेतीन." भाऊंनी घड ट्रकात टाकला. "कोन म्हनते बावडी निघाली? मी रोज इथं हाये. माह्या बागेत पंपाबिगर दुसरी विहीर नाही."

रजनीबाईंनी खरी हकीकत सांगितली, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. पण रजनीबाईंचं काम अजून झालं नव्हतं. "नवी गटार तुमच्या बांधावरून जाणार होती. तुम्ही विरोध केला होता म्हणे. बागेत जुनी बावडी दिसली असती, तर लाइन दुसरीकडे सरकली असती."

"बांधाचा वांधा व्हता, तो मिटला. नाली बांधाखालून जाईन, मले चालते. अन् मलेच ठिपका टाकाचा असता, तं बांधावर टाकला असता ना! भर बागेत कोन टाकंन, येडा?"

हे खरं होतं. ठिपका बागेच्या पोटात होता आणि बांध तिथून बराच लांब.

"सायेब बिचारे गल्लीतून आले," भाऊ हसू दाबत म्हणाले. "गाडरस्ता सकायपासून जाम. दुसरा रस्ता एकच, सुपडूच्या गल्लीतून. पँट पाहून मले वाटलं, भूत आलं."

"कटाईचा दिवस कधी ठरला होता?"

"सोमवारी. मजूर सगळे गल्लीतलेच. त्याइले सोमवारीच सांगतलं, शुक्रवारी या म्हणून."

रजनीबाई निघाल्या. मागून भाऊंनी हाक मारली, "बाई, वेफरपुरती केयी घेऊन जा!" त्या घेऊन गेल्या. तपास करताना कुणाचं मन मोडू नये, असा त्यांचा नियम होता.

३. राणी कुठून आली?

रामदास बोंडे मिलमध्ये रजनीबाईंच्या बरोबरीचे. त्यांना इतिहासाचं भलतंच वेड. एखादी पडकी भिंत दिसली की तिच्याआड त्यांना एक बेगम आणि दोन सरदार दिसत. ओट्यावर बसून ते पेपर वाचत होते.

"रामदासजी, नकाशावरची आपली बावडी जागेवरून हलली."

रामदासजींनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "नाव काय दाखवतंय तिचं?"

रजनीबाई गप्प राहिल्या. समोरच्याला बोलतं करायचं तर आपण गप्प बसावं, हे त्या मिलमध्ये साहेबांशी वागतानाच शिकल्या होत्या.

"म्हणजे मी सहज विचारलं," रामदासजी चष्मा पुसू लागले. "चिंचेची बावडी दाखवतंय की... दुसरं काही?"

"दुसरं काय दाखवेल?"

"राणीची बावडी," ते हळूच म्हणाले. मग एकदम उसळले. "बदललं मी नाव! अहो, चिंच काय कुठेही उगवते. एवढा घडीव दगड, एवढी कमान, तिथे एखादी राणी आलीच असेल ना?"

"कोणती?"

"ते अजून ठरायचंय."

तेवढ्यात फोन वाजला. पूर्णिमा होती. "आई, बाकी सगळे ठिपके जागच्या जागी आहेत. फक्त त्या एका बावडीचे मंगळवारी दोन बदल सापडले. आधी नाव बदललं आणि थोड्या वेळानं जागा. दोन्ही आपल्याच खात्यावरून. म्हणजे ज्यानं नाव बदललं, त्यानंच..."

फोनचा आवाज मोठा होता. रामदासजींनी सगळं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पेपरसारखा पांढरा पडला.

"रजनीबाई, देवाशपथ. नाव मी बदललं. जागा नाही."

रजनीबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आज कटाई आहे, चुडामणभाऊंच्या बागेत. ठाऊक होतं तुम्हाला?"

"कसली कटाई?" रामदासजी गोंधळून म्हणाले. "आणि बावडीचा केळ्यांशी काय संबंध?"

४. अंगणवाडीतली तोलकाठी

जयश्री सोनवणे लालबागेत अंगणवाडी चालवायची. रजनीबाई पोचल्या तेव्हा ती एका रडक्या बाळाला वजनाच्या तोलकाठीला टांगलेल्या झोळीत बसवत होती. बावडी तिच्या घराच्या अगदी मागे, आणि घरापुढे नव्या विटांची चवड लागलेली.

"जयश्री, बावडीचा ठिपका कुणीतरी चुडामणभाऊंच्या बागेत नेऊन ठेवला."

"अगोबाई!" जयश्रीनं बाळाला झोळीतून उचलून छातीशी धरलं. "साहेब मग पायीच गेले असतील ना?"

"हो. पडले बिचारे."

"लागलं तर नाही?"

"पँटला लागलं."

जयश्रीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि लगेच विझलं. मग तिनं आपणहून विटांकडे बोट दाखवलं. "ताई, सगळे माझ्यावरच येतील. मला मागे एक खोली वाढवायची आहे. लोक बोलतात, बावडी नकाशावर आली की शेजारच्या घराला वीट लावू देत नाहीत. पूर्णिमाताईंनी समजावलं तसं काही नाही म्हणून, पण लोकांचं तोंड कोण धरणार?"

"लोकांचं राहू दे. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, बावडी माझ्या घरामागे आहे आणि तिथेच राहावी. पोरांना उन्हाळ्यात तिथेच गारवा मिळतो." बाळाच्या पायावर लाल चट्टे होते. ती त्यावर मलम लावू लागली. "सुपडूच्या गल्लीतलं आहे. तिकडच्या सगळ्या पोरांचे पाय असेच."

रजनीबाई उठल्या. दारातून बाहेर पडता पडता त्या थबकल्या. जयश्रीचं पहिलं वाक्य त्यांच्या कानात पुन्हा वाजलं. साहेब बागेत गेले, हे आपण तिला सांगितलंच नव्हतं.

५. पडद्यावर झाडं, खाली माणसं

पण हेतू? खोली वाढवायची म्हणून ठिपका हलवला म्हणावं, तर ठिपका परत जागेवर यायला क्षण लागला नाही. एवढं तर जयश्रीलाही कळत असणार. रजनीबाईंनी पूर्णिमाला बोलावून घेतलं.

"सकाळपासून मी हेच शोधत होते, ठिपका तिथे नेऊन कुणाचा फायदा," त्या म्हणाल्या. "फायदा कुणाचाच नाही. चुडामणभाऊंची तर बाग जाते. म्हणून मी ठिपक्याकडे बघायचं सोडलं. आता तिथे जायच्या वाटेकडे बघू. चल, सुपडूच्या गल्लीतून."

"तिथे काय आहे आई? सकाळी मी साहेबांमागे धावत गेले, आजूबाजूला पाहिलंच नाही. सॅटेलाइटच्या फोटोत तर नुसती झाडं दिसतात."

झाडं होतीच. कडुनिंबांची दाट सावली, आणि त्या सावलीखाली पत्र्याची घरं, एकाला एक चिकटलेली. वाटेच्या मधोमध काळं पाणी साचलेलं. त्यात विटा टाकलेल्या, आणि त्या विटांवरून उड्या मारत माणसं ये-जा करत होती. एका दारात मालूबाई बसली होती, कटाईवरून नुकतीच परत आलेली. केळीच्या चिकानं लुगडं काळं पडलेलं.

"या बाई, या. सकायी तुमचे सायेब इथंच पडले," तिनं पाण्यातली जागा दाखवली. "मीच उचललं त्याइले. पहिल्यांदाच कोनी सायेब आला आमच्या गल्लीत. आला, अन् झोपलाच!"

दारोदारी हसू पसरलं. पूर्णिमालाही हसू आवरेना.

"हे पाणी कधीपासून साचतं, मालूबाई?"

"माही सासू सांगे, तवा साचत नव्हतं. आता दिवायी येवो का होयी, पानी हायेच. जयश्रीबाई लई बोंबलली आमच्यासाठी. कोन ऐकते?"

पूर्णिमा एकदम थांबली. रजनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

६. तीन प्रश्न

संध्याकाळी त्यांनी तिघांनाही घरी बोलावलं. ताटात मावा जिलेबी होती. चुडामणभाऊ संशयित असूनही दोन जिलेब्या संपवून मोकळे झाले.

"मी तिघांनाही एकच गोष्ट सांगितली," रजनीबाई म्हणाल्या, "की बावडी हलली. त्यावर तुम्ही तिघांनी तीन प्रश्न विचारले. माणसाच्या मनात जे असतं, ते पहिल्या प्रश्नात बाहेर येतं. चुडामणभाऊंनी केळीचं विचारलं. त्यांच्या मनात केळीच. रामदासजींनी नावाचं विचारलं, कारण नाव त्यांनी बदललं होतं. आता ज्या माणसानं कौतुकानं बावडीला राणीची केली, तो त्याच दुपारी राणीला केळीत नेऊन का टाकेल? म्हणजे बदल दोन आणि हातही दोन."

रामदासजींनी पहिल्यांदा जिलेबीला हात लावला.

"ज्यानं ठिपका हलवला, त्याला साहेबांचा स्वभाव माहीत होता. ते जमिनीकडे बघत नाहीत, पडद्याकडे बघतात. ठिपका नेईल तिकडे जातात. त्याला हेही माहीत होतं की शुक्रवारी गाडरस्ता ट्रकांनी भरणार आणि बागेत जायला एकच वाट उरणार. कटाई सोमवारी ठरली, ठिपका मंगळवारी हलला. कटाईचं ठाऊक होतं चुडामणभाऊंना आणि सुपडूच्या गल्लीला. रामदासजींना तर माझ्याकडून कळलं. उरलं कोण? गल्लीतल्या पोरांचं रोज वजन करणारी. तिनं मला विचारलं, साहेब पायीच गेले ना. मी साहेबांचं नावही घेतलं नव्हतं."

जयश्रीनं मान खाली घातली नाही. "मीच हलवला," ती म्हणाली. "मला त्यांना त्या वाटेनं चालवायचं होतं. बस, एकदा चालवायचं होतं. पडतील असं नव्हतं वाटलं."

पूर्णिमा उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "वर्षभराचं काम होतं, जयश्रीताई! उद्या नकाशा रद्द झाला असता. मला एकदा सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं, मॅडम."

"कधी?"

"थंडीत, पहिल्या मीटिंगला. मी म्हटलं, सुपडूच्या गल्लीतही ठिपके टाकू. लाइन नकाशावरून जाणार ना, मग गल्ली नकाशावर नको का? तुम्ही म्हणालात..." जयश्रीचा आवाज खाली आला. "तुम्ही म्हणालात, 'तिथे जुनं काय आहे?'"

चुडामणभाऊंचा तिसऱ्या जिलेबीकडे निघालेला हात अर्ध्यावर थांबला.

पूर्णिमा खाली बसली. खरंच तसं म्हणाली होती ती. घाईत, कागद आवरता आवरता.

"आता उद्या काय सांगायचं?" रामदासजींनी विचारलं. "पोरीचं नाव घेतलं, तर ते साहेब तिला फाडून खातील."

"सांगेन मीच," जयश्री म्हणाली.

७. सभा

शाळेच्या वर्गात माणूस मावत नव्हता. सुपडूची गल्ली सगळीच्या सगळी आली होती, मालूबाई पहिल्या बाकावर. तायडे साहेब नव्या पँटमध्ये, पण थोडे लंगडत.

जयश्री उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. तिच्यापाठोपाठ पूर्णिमा उठली. "चूक त्यांची आहे, तशीच माझीही. सगळ्यांना एकच खातं मी दिलं. आता प्रत्येकाचं वेगळं आहे, बदल केला की नाव दिसेल. बाकीचा एकूण एक ठिपका मी काल तपासलाय, सगळे जागेवर आहेत. आणि जी गल्ली मी नकाशाबाहेर ठेवली, ती..."

तायडे साहेबांनी हात वर केला.

"बाई, तुम्ही मला फसवून तिथे नेलंत?"

"हो साहेब."

"सरळ बोलावलं असतं तर?"

"आला असता?"

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मग साहेबांनाही हसू आलं, आणि ते आवरायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

"मी पडलो, तो दगडावर घसरून," ते म्हणाले. "रात्रभर गुडघा ठणकत होता, म्हणून तो दगड डोक्यातून जाईना. रस्त्यातला दगड असा गुळगुळीत नसतो. आज सकाळी बूट घालून परत गेलो आणि पहारीनं चिखल उकरला. खाली मोरी आहे. जुनी, घडीव दगडाची, चांगली रुंद. मातीनं बुजली आहे, फुटलेली नाही. ती साफ करून आपल्या लाइनला जोडली, तर गल्लीतलं पाणी आपोआप उतरेल. नवीन फारसं खणावंही लागणार नाही."

वर्गात एकच गलका झाला. रामदासजी बाकावर चढायचेच बाकी होते. "मोरी! म्हणजे तिथे पूर्वी हमामखाना असणार! आणि हमामखाना म्हणजे..."

"रामदासजी," रजनीबाई म्हणाल्या, "राणी नंतर. आधी पाणी."

लाइन नकाशावरूनच जाईल, असं ठरलं. बावडीचं नाव पुन्हा चिंचेची झालं. रामदासजींनी ते मोठ्या मनानं मान्य केलं, फक्त मोरीबद्दल आपला हक्क राखून ठेवला. तायडे साहेबांनी जयश्रीला बजावलं की पुन्हा त्यांना कुठे न्यायचं असेल तर फोन करावा. तिनं तिथल्या तिथे त्यांचा नंबर घेतला.

सभा संपल्यावर पूर्णिमा मालूबाईच्या शेजारी बाकावर येऊन बसली. मोबाईलवर नकाशा उघडला, कडुनिंबांच्या त्या हिरव्या डागावर बोट ठेवलं, आणि पहिल्यांदाच मनापासून विचारलं, "मालूबाई, सांगा. इथे काय काय आहे?"

मालूबाईच्या आधी मागच्या चारपाच बायाच बोलू लागल्या. सुपडूबाबाचा ओटा आहे, लग्नाची हळद दळतो ते मोठं जातं आहे, कानबाईदेवी बसते ती जागा आहे, मोठ्या निंबाखाली पंच बसायचे ती शिळा आहे. पूर्णिमाचं बोट कमी पडावं इतक्या भराभर ठिपके पडत गेले. रजनीबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. सुनेच्या चेहऱ्यावर शुक्रवार सकाळची काळजी आता औषधालाही नव्हती.

सगळं टिपून झाल्यावर मालूबाईनं पडद्याकडे वाकून पाहिलं.

"अन् हे वर काय लिवलं?"

"तुमच्या गल्लीचं नाव. सुपडूची गल्ली."

मालूबाईनं त्या अक्षरांवरून अलगद बोट फिरवलं. नकाशा सरकला, तशी ती दचकली. पूर्णिमानं हसून तो परत जागेवर आणला.

"परत वाच बरं एकडाव," मालूबाई म्हणाली. "जरा मोठ्यानं. मांगच्याइलेबी ऐकू जाऊ दे."